माफीचा लिलाव बंद करा

हा इशारा क्रीडासंघटनांच्या अध्यक्ष-सचिवांना आहे, क्लबांच्या मालकांना आहे, गल्लीतल्या मंडळापासून लीगच्या फ्रँचायझीपर्यंत जो कुणी संघ निवडतो त्याला आहे, आणि त्या संघाच्या जर्सीवर आपले नाव छापून घेणाऱ्या प्रायोजकांनाही आहे. खेळाडूंना नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या खेळाडूला जे सुनावायचे ते न्यायालयाने सुनावले आहे. त्याच्यावर दुसरा खटला चालवायची आम्हाला हौस नाही. आमची फिर्याद तुमच्याविरुद्ध आहे.

मैदानावर रात्रपाळीचा वॉचमन ठेवताना तुम्ही त्याच्याकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागता. बसचा चालक, वसतिगृहाचा आचारी, जिममध्ये वजने लावून ठेवणारा पोरगा, सगळ्यांचे कागद फाइलला लागतात. त्यांतल्या एखाद्याला जुन्या मारामारीत शिक्षा झालेली निघाली, तर तो फाटकातूनच परत जातो. आणि एका चढाईत तीन गडी टिपणारा किंवा ताशी १४० किलोमीटरने चेंडू टाकणारा कुणी दारात उभा राहिला, की कागद मागायचे कुणालाच आठवत नाही. त्याने काय केले होते हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक असते, तरी कार्यकारिणीच्या इतिवृत्तात त्याबद्दल एक ओळ सापडत नाही. वॉचमनचा गुन्हा तो गुन्हा आणि चढाईपटूचा गुन्हा ही तरुणपणची चूक! पुनर्वसन, माणुसकी, दुसरी संधी हे शब्द तुम्हाला फक्त अशाच माणसासाठी सुचतात ज्याच्यामुळे करंडक येणार असतो. आम्ही याला माफीचा लिलाव म्हणतो. येत्या ३१ मार्चपर्यंत तो बंद करा.

असे काही लिहिले की लगेच विचारणा होते, माणसाला सुधारूच द्यायचे नाही का? द्यायचे आहे. या मातीला दुसऱ्या संधीचे धडे बाहेरून घ्यावे लागलेले नाहीत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हयातभर सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. त्याच राजाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत उभी राहू दिली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे बेड्यांवाचून शेती करू लागले. पुढे त्याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'दो आँखे बारह हाथ' काढला. आजचे उदाहरण हवे असेल तर येरवड्याचे घ्या. इंडियन ऑइलच्या 'परिवर्तन' उपक्रमात तिथले कैदी बुद्धिबळ शिकले आणि २०२३ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने कैद्यांसाठी भरवलेल्या ऑनलाइन स्पर्धेत येरवड्याच्या संघाने सुवर्णपदक घेतले. तेव्हा तुरुंग पाहिलेल्या माणसाने खेळू नये, असे आम्ही म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही.

पण स्वतंत्रपुराचा कैदी कैदी म्हणूनच ओळखला जात होता. त्याचा भूतकाळ झाकून त्याला कुणी हारतुरे घातले नव्हते. आणि तिथे माणूस घेताना तो किती धावा काढतो हे कुणी विचारले नव्हते. तुम्ही नेमक्या याच दोन गोष्टी उलट्या करता.

दुसरी संधी कशी द्यावी याचा त्यातल्या त्यात सरळ नमुना आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचा आहे. पाकिस्तानचा गोलंदाज मोहम्मद आमिर. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पैसे घेऊन ठरवून नो बॉल टाकले गेले, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या सदर्क न्यायालयाने कर्णधार सलमान बटला ३० महिने, मोहम्मद आसिफला एक वर्ष आणि गुन्हा कबूल केलेल्या आमिरला सहा महिन्यांची शिक्षा दिली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याआधीच घातलेली पाच वर्षांची बंदी वेगळी. म्हणजे तुरुंगातून सुटला म्हणून सुटला नाही, खेळाचा दंडही त्याने पुरा भरला. २०१५ मध्ये त्याला आधी देशांतर्गत सामन्यांत उतरवले गेले. राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात त्याचे नाव आले, तेव्हा मोहम्मद हफीज आणि अझर अली यांनी त्याच्यासोबत शिबिराला यायला उघड नकार दिला. वर्तमानपत्रांत वाद झाला, टीव्हीवर झाला, ड्रेसिंग रूममध्येही झाला. दोघांची समजूत घालावी लागली. जानेवारी २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर तो पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. पुढचे आपल्याला पाठ आहे. १८ जून २०१७, ओव्हल, चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना, आणि आमिरच्या सुरुवातीच्या षटकांत रोहित, कोहली, धवन तिघेही तंबूत. त्या संध्याकाळी आपल्याकडे त्याला ज्या शिव्या पडल्या त्या १८० धावांनी हरण्याच्या होत्या. त्याच्या परतण्यावर आक्षेप घ्यायला आमच्याकडे फारसे काही नाही. गुन्हा कोवळ्या वयातला होता, तो त्याने कबूल केला होता, शिक्षा पुरी झाली होती, बंदी पुरी झाली होती आणि त्याला घ्यायचे की नाही हे त्याच्या सहकाऱ्यांना तोंडावर बोलता आले होते. पाकिस्तान क्रिकेट मंडळाकडून शिकण्यासारखे फार नसेल, हे मात्र शिका.

आता उलट नमुना पाहा. स्टीव्हन व्हान डे वेल्डे हा हॉलंडचा बीच व्हॉलीबॉलपटू. २०१४ मध्ये, १९ वर्षांचा असताना, फेसबुकवर ओळख झालेल्या एका मुलीला भेटायला तो इंग्लंडला गेला. मुलगी १२ वर्षांची होती. तिच्यावरील बलात्काराचे तीन आरोप त्याने न्यायालयात मान्य केले. २०१६ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्याला मायदेशी पाठवण्यात आले, आणि एकूण १३ महिने आत काढून तो सुटला. २०१७ मध्ये तो पुन्हा खेळू लागला आणि २०२४ मध्ये हॉलंडने त्याला पॅरिस ऑलिंपिकला नेले. डच ऑलिंपिक समितीचे म्हणणे असे, की त्याने शिक्षा भोगली आहे, उपचार घेतले आहेत आणि तज्ज्ञांच्या मते तो पुन्हा तसे करण्याचा धोका नाही. ठीक. मग त्याला क्रीडाग्रामात का ठेवले नाही? सामना संपल्यावर इतर खेळाडू पत्रकारांसमोर उभे राहतात, त्यातून त्याला सूट का मागितली? आयफेल मनोऱ्याखालच्या त्या कोर्टावर त्याच्या नावाची घोषणा झाली की प्रेक्षक हुर्यो उडवत होते, आणि त्याला निवडणारे मात्र त्याला कॅमेऱ्यापासून लपवत होते. ज्या खेळाडूला लपवावे लागते त्याच्याबद्दलचा निर्णय तुमच्या मनाने आधीच दिलेला असतो, फक्त तो तुम्हाला सोयीचा नसतो. गेल्या वर्षी जागतिक स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाने त्याला व्हिसाच नाकारला. संघटनेने जो प्रश्न टाळला त्याचे उत्तर विमानतळाच्या पलीकडच्या सरकारने दिले.

इथे आमचे मत स्पष्ट आहे आणि ते कठोर आहे. लहान मुलांविरुद्ध, किंवा आपल्या हाताखाली शिकणाऱ्यांविरुद्ध लैंगिक गुन्हा केलेल्या माणसाला पोटासाठी काम करू द्या, मोठ्यांच्या साध्या सामन्यात खेळायचे असेल तर तेही पाहता येईल. पण देशाचा झेंडा किंवा राज्याचे नाव त्याच्या छातीवर लावायचे नाही. आणि प्रशिक्षक, निवडकर्ता, पंच, शिबिराचा पाहुणा, मुलांना बक्षिसे वाटणारा प्रमुख अतिथी, यांपैकी कुठल्याही रूपाने तो मुलांच्या मैदानावर दिसता कामा नये. या बाबतीत वर्षे मोजायची नाहीत. दहा झाली, वीस झाली, सुधारला, कीर्तन करतो, असले काही सांगू नका.

ब्राझीलमध्ये याहून उघडी लाज झाली. फ्लामेंगोचा कर्णधार आणि गोलरक्षक ब्रूनो फर्नांडिस याला आपल्या मुलाच्या आईच्या खुनात २०१३ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली. त्या स्त्रीचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत अपील प्रलंबित म्हणून तो बाहेर आला आणि पुढच्याच महिन्यात बोआ एस्पोर्ती नावाच्या छोट्या क्लबने त्याच्याशी करार केला. प्रायोजक एकेक करून निघून गेले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत तुरुंगात पाठवले. क्लबच्या हाती काय लागले? जगभर बदनामी. शिक्षा पुरी झालेली नसताना करार करणाऱ्याला दुसरी संधी हा शब्द तोंडात घेण्याचाही अधिकार नाही.

आणि संधी देऊन हात झटकणाऱ्यांसाठी टोनी अ‍ॅडम्सचे उदाहरण. डिसेंबर १९९० मध्ये आर्सेनलचा हा कर्णधार दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. चार महिन्यांच्या शिक्षेतली निम्मी भोगून फेब्रुवारीत बाहेर आला, क्लबने त्याला पुन्हा घेतले आणि त्याच हंगामात आर्सेनलने लीग जिंकली. सगळे आनंदी. त्याची दारू मात्र सुटली नव्हती. आपण व्यसनी आहोत हे तो जाहीरपणे बोलला १९९६ मध्ये, आणि २००० मध्ये त्याने व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी स्वतःच उपचार केंद्र सुरू केले. क्लबला त्याची बचावफळी हवी होती, ती मिळाली. माणसाचे काय, हा प्रश्न त्याचा त्यानेच सोडवला. तुमच्याकडे परत घेतलेल्या किती खेळाडूंसाठी तुम्ही समुपदेशक नेमलात? व्यसनमुक्तीचा खर्च कुणाच्या ताळेबंदात दिसतो?

आपल्या देशात याला आणखी एक वळण आहे आणि आपल्या संघटना त्याच्याच आडोशाने बसल्या आहेत. आपल्याकडे शिक्षा होईपर्यंत खेळाडू निवृत्त झालेला असतो. नवज्योतसिंग सिद्धू यांचे प्रकरण पाहा. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळ्यात रस्त्यावरच्या भांडणात मारहाण झाली आणि ६५ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. सिद्धू त्यानंतर दहा वर्षे भारताकडून खेळले. १९९९ मध्ये सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले, त्याच वर्षी निवृत्त झाले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती हजार रुपये दंडावर आणली आणि २०२२ मध्ये फेरविचार करून एक वर्षाची सक्तमजुरी दिली. ३३ वर्षांहून अधिक काळ! एप्रिल २०२३ मध्ये ते सुटले, २०२४ मध्ये आयपीएलच्या समालोचन कक्षात परतले. शिक्षा भोगून झाल्यावर माइक हातात घेण्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न त्या दहा वर्षांचा आहे, ज्यांत खटला चालू होता आणि मंडळाकडे त्याबद्दल कुठला नियमच नव्हता. कुस्तीपटू सुशील कुमारचा खटलाही पाहा. छत्रसाल स्टेडियममधल्या मारहाणीत एका तरुण मल्लाचा मृत्यू झाला तो मे २०२१ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुशीलचा जामीन रद्द केला तेव्हाही खटला संपलेला नव्हता. तो दोषी की निर्दोष हे न्यायालय सांगेल, आम्ही सांगणार नाही.

पण 'दोष सिद्ध झालेला नाही' हे वाक्य तुम्ही ढाल म्हणून वापरता, ते यापुढे चालणार नाही. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, हे मान्य. म्हणून आरोप असलेल्याची हकालपट्टी करा असे आमचे म्हणणे नाही. गंभीर गुन्ह्यात न्यायालयाने दोषारोप निश्चित केले की त्या खेळाडूने कर्णधारपद, युवा संघांशी संबंध आणि संघटनेतले पद एवढे सोडायचे आणि निकालाची वाट पाहायची. खेळू द्यायचे की नाही ते प्रकरण पाहून, लेखी कारण देऊन ठरवा. सुटला तर सन्मानाने सगळे परत करा. यात कुणावर अन्याय होत असेल तर दाखवून द्या, आम्ही शब्द मागे घेऊ.

खेळाडूंसाठी एवढे नियम मागताना स्वतःकडे पाहायची वेळ पदाधिकाऱ्यांवरही येते, म्हणून एक जुनी फाइल उघडतो. ऑगस्ट १९९० मध्ये पंचकुलात टेनिस शिकू पाहणाऱ्या एका १४ वर्षांच्या मुलीचा विनयभंग झाला. करणारा होता हरियाणा लॉन टेनिस असोसिएशनचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड. १९९३ मध्ये त्या मुलीने जीव दिला. १९९९ मध्ये राठोड राज्याचा पोलीस महासंचालक झाला. शिक्षा झाली डिसेंबर २००९ मध्ये, ती सहा महिन्यांची. अपिलात ती दीड वर्ष झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून, भोगून झालेल्या काळापुरती ती मर्यादित केली. मैदानावरचा सर्वांत मोठा धोका बहुतेक वेळा खेळाडू नसतो. ज्याच्या सहीने निवड होते, ज्याच्या शिफारशीने वसतिगृहात जागा मिळते, तो असतो. खेळाडूला मिळणारी सवलत त्याला मिळता कामा नये. त्याच्यासाठी नियम दुप्पट कडक हवेत.

काही वाचकांना इथे शेफील्डचे प्रकरण आठवेल, आणि ते आठवायलाच हवे. चेड इव्हान्स या फुटबॉलपटूला २०१२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तो सुटला, शेफील्ड युनायटेडने त्याला सरावाला बोलावले, लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, आणि तुम्ही त्याला करार दिलात तर स्टेडियमच्या स्टँडवरचे माझे नाव काढा, असे ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल हिने सांगितले. क्लबने माघार घेतली. जानेवारी २०१५ मध्ये ओल्डहॅमने त्याला घ्यायचे ठरवले, तर प्रायोजक बिथरले आणि क्लबच्या माणसांना धमक्या आल्या. तेही फिसकटले. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली आणि फेरखटल्यात तो निर्दोष ठरला.

यावरून दोन गोष्टी निघतात आणि त्यांतली एक आमच्याच बाजूच्या लोकांना झोंबेल. जिथे अपील खरोखर बाकी आहे तिथे क्लबने घाईने मिठी मारू नये आणि घाईने चितेवरही चढवू नये. शेफील्डने दोन्ही केले, तेही एका महिन्यात. दुसरी गोष्ट त्या स्त्रीची. कायद्याने जिचे नाव गुप्त होते तिचे नाव समाजमाध्यमांवर फोडले गेले, आणि त्याबद्दल नऊ जणांना न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली. हे करणाऱ्यांत त्याची बाजू घेणारे होते. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा आपल्या लाडक्या खेळाडूसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या मुलीचे नाव फिरवणाऱ्यांनो, तुमच्याविरुद्ध तक्रार करायला आम्ही मागेपुढे पाहणार नाही. आणि निषेधाच्या नावाखाली कुणाच्या घरच्यांना धमकावणारे आमच्याबरोबर नकोत. त्यांच्याविरुद्धही त्याच पोलीस ठाण्यात जाऊ.

आता मागणी. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. राष्ट्रीय महासंघांना आचारसंहिता आणि महिला व अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षिततेचे धोरण आता टाळता येणार नाही. कायदा दिल्लीत आहे, मैदान मात्र तुमच्या गावात आहे. तिथे कोण येतो आणि कोण जातो हे तुम्हीच ठरवता. म्हणून ३१ मार्चच्या आत प्रत्येक क्लबने, मंडळाने, जिमखान्याने एक लेखी धोरण करून सूचनाफलकावर आणि असेल तर संकेतस्थळावर लावावे. त्यात खेळाडू, प्रशिक्षक आणि पदाधिकारी या तिघांच्या पडताळणीची तरतूद असावी. शिक्षा झालेल्या माणसाला घेताना शिक्षा पूर्ण भोगून झाली आहे का, दंड किंवा भरपाई भरली आहे का, पीडित व्यक्ती त्याच मैदानावर, त्याच क्लबात किंवा त्याच गल्लीत आहे का, हे पाहून कार्यकारिणीने लेखी निर्णय द्यावा आणि तो सभासदांना पाहायला मिळावा. पीडितेला आधी कळवावे, वर्तमानपत्रातून कळू देऊ नये. ही शेवटची अट अनेकांना फुकटची वाटेल. ज्या घरावर ती वेळ आली आहे त्या घराला विचारा.

आणि नियम खेळाच्या दर्जावर हलता कामा नये. राखीव फळीतल्या पोराला ज्या कारणासाठी काढता त्याच कारणासाठी कर्णधाराला काढावे लागेल. ज्या अटींवर कर्णधाराला परत घेता त्याच अटींवर राखीव पोराला, आणि रात्रपाळीच्या वॉचमनलाही, परत घ्यावे लागेल. एवढी छाती असेल तर पुनर्वसनाची भाषा करा. नसेल तर सरळ सांगा, की आम्हाला गुण हवेत आणि बाकी आम्ही पाहणार नाही. निदान प्रायोजकांना तरी कळेल की त्यांचे पैसे कशावर लागतात.

प्रायोजकांना वेगळे सांगावे लागते कारण ते नेहमी शेवटी जागे होतात. बोआ एस्पोर्तीतून तुमच्यासारखेच लोक गोंगाट झाल्यावर बाहेर पडले. गोंगाटाची वाट पाहू नका. करार करतानाच कलम घाला, की संस्थेचे धोरण जाहीर नसेल तर पैसे मिळणार नाहीत. तुम्ही ते घातले नाही तर तुमच्या नावासकट आम्ही विचारू, तुमच्या दुकानाच्या दारात उभे राहून विचारू.

३१ मार्चनंतर काय, हेही ऐकून ठेवा. तुमच्यातल्या बऱ्याच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. त्या कायद्याच्या कलम ४१-ड नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या किंवा कर्तव्यात सतत कसूर करणाऱ्या विश्वस्ताला निलंबित करण्याचा, काढून टाकण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे, आणि संस्थेशी हितसंबंध असलेला कुणीही तसा अर्ज करू शकतो. आम्ही तो करू. ज्या संस्थांना सरकारी अनुदान किंवा पालिकेचे मैदान भाड्याने मिळते त्यांची कागदपत्रे माहिती अधिकारात मागू. आणि एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिरांची नोंदणी सुरू होईल तेव्हा, धोरण न लावलेल्या क्लबच्या फाटकाबाहेर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक पालकाला एवढेच सांगू, की इथे प्रशिक्षकाची पडताळणी झालेली नाही, पैसे भरण्याआधी दाखला मागा. शिबिराच्या फीवर तुमचे वर्षाचे गणित चालते हे आम्हाला माहीत आहे.

कुणी म्हणेल, लहान मंडळांना एवढे कुठे जमणार. जमते. गणेशोत्सवाची परवानगी काढताना हीच मंडळे पोलीस, पालिका, वीज कंपनी सगळीकडचे कागद आठवड्यात गोळा करतात. पडताळणीच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो आणि धोरण एका पानात बसते. जमत नाही म्हणणाऱ्याला ते नको असते.

वाचकांपैकी जे एखाद्या क्लबचे किंवा मंडळाचे सभासद आहेत त्यांना शेवटचे सांगणे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येईल, त्यावर हा विषय नसेल. मुदतीच्या आत सचिवाला लेखी पत्र देऊन तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, पत्राची पोच घ्या आणि सभेला स्वतः हजर राहा.